डावीकडची फुली

कादरभाईंची सून हलिमा एका मंगळवारी दुपारी सरकारी दवाखान्याच्या टेबलावर वारली. त्यानंतर डॉक्टर पाचपोरांनी कुणाचं पोट उघडलं नाही.

डॉक्टर स्वतः गेल्या पौषात खामगावला वारले. त्यांच्याविषयी कुणी काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात आलं नाही. ज्यांना त्यांनी बरं केलं ते लिहिणारे लोक नव्हते. सोनाळा, वरवट बकाल आणि सातपुड्याच्या पायथ्याची गावं इथून ते बैलगाडीत आडवे होऊन येत आणि पायी चालत परत जात. मी लिहिते आहे, कारण मी दवाखान्याच्या शेजारी राहत होते आणि पुष्कळ वेळा त्या खोलीत उभी होते.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाच्या या गोष्टी. आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत असे. शाळा आणि दवाखाना यांच्यात एकच भिंत होती, आणि भिंतीला एक दार. बायका पुरुष डॉक्टरला पोट दाखवायला तयार होत नसत. दवाखान्यात नर्स नव्हती. गावात दाई होती, पण तिच्यासमोर झालेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पाणवठ्यावर पोचायची. नव्यानं बदलून आल्यावर डॉक्टर एक दिवस त्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तुमची मधली सुट्टी आणि माझ्या बायकांची वेळ एक करता येईल का?"

मी म्हटलं, मला रक्त पाहवत नाही.

"पाहू नका. खिडकीकडं तोंड करून उभ्या राहा. तुम्ही खोलीत आहात एवढंच त्यांना पुरतं."

पहिले काही महिने मी खिडकीकडं तोंड करूनच उभी होते. नंतर केव्हा वळले ते आठवत नाही.

डॉक्टर बुटके होते आणि अंगानं जाड. बोटंही जाड. शस्त्रक्रिया करणाऱ्याची बोटं लांब आणि निमुळती असतात असं मी वाचलं होतं; कादरभाई म्हणत, साहेबांची बोटं नांगर धरायची, चुकून इकडं आली. कादरभाई हे दवाखान्याचे कंपाउंडर. मूळचे वरवट बकालचे, उंच, दाढी मेंदीनं रंगवलेली. औषधं तेच बनवत, जखमा तेच बांधत आणि शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्मही तेच देत. रोग्याच्या उशाशी स्टुलावर बसून जाळीच्या टोपीवर थेंब थेंब सोडायचे आणि एक बोट रोग्याच्या कानापुढच्या नाडीवर. डॉक्टर आणि ते एकमेकांशी फार बोलत नसत. काम चालू असताना डॉक्टर नुसते "हं?" म्हणत, कादरभाई "हं" म्हणत. पहिल्या हं मध्ये प्रश्न असे, दुसऱ्यात उत्तर.

शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी डॉक्टर जोडे काढत आणि आत अनवाणी काम करत. सोवळं वगैरे काही नव्हतं. ते म्हणत, जोड्यात माणूस विसरतो की तो उभा आहे. हात ते व्हरांड्यातल्या नळापाशी धूत, कार्बोलिकच्या साबणानं, आणि धुताना अडीचकी म्हणत. लहानपणच्या शाळेतला अडीचकीचा पाढा. तो पूर्ण होईपर्यंत साबण सोडायचा नाही असा त्यांचा नियम. सतरा अडीचक्यापाशी ते हमखास अडखळत आणि पहिल्यापासून सुरू करत. माझ्या वर्गातल्या मुली भिंतीपलीकडून तो पाढा ऐकत आणि तोंडाला पदर लावून हसत. एकदा मी त्यांना उत्तर सांगितलं. कादरभाई टॉवेल घेऊन उभे होते. ते म्हणाले, "सांगू नका बाई. साहेब जेवढे चुकतीन तेवढा पेशंट साफ."

मोतीबिंदू, मुतखडा, अंतर्गळ ही त्यांची रोजची कामं. ती ते भाकरी थापल्यासारखी करत. पण त्यांचं नाव झालं ते रोग ओळखण्यामुळं, आणि त्याची रीत त्यांची स्वतःची होती.

आमच्याकडं पोटात दुखलं की आधी बिब्बा. दिव्यावर बिब्बा तापवायचा, त्याचं तेल सुटलं की दुखतं त्या जागी फुली काढायची. कातडी भाजते, काळा डाग पडतो आणि जन्मभर राहतो. दवाखान्यात येणाऱ्या दहा पोटांपैकी नऊ पोटांवर फुल्या असत. आधीचे डॉक्टर त्या पाहिल्या की रोग्याला फैलावर घेत. पाचपोर घेत नसत. ते नाडीच्या आधी फुल्या पाहत. त्यांच्यावर बोट ठेवून विचारत, "हा कोनं लावला? कवा? आधी हा का आधी हा?" जुनी फुली फिकट, नवी काळी, कालची अजून ओली. बेंबीशी जुनी आणि उजवीकडं खाली नवी असली, तर दुखणं बेंबीपासून निघून तिथं उतरलं. बरगडीखाली पाच-सहा फुल्या एकावर एक असल्या, तर यकृतात पू साठत वर्ष गेलं. मला ते एकदा म्हणाले, "बाई, रोगी काय म्हणतो ते बदलतं. सासू जवळ असली की बदलतं, मी रागावलो की बदलतं. आई दिवा घेऊन बसते तेव्हा पोराला खरंच दुखत असतं."

बुलढाण्याहून सिव्हिल सर्जन तपासणीला येत. एका वर्षी आलेल्या साहेबांना हे आवडलं नव्हतं. ते म्हणाले, रोग्याला विचारा, हातानं चाचपा, हे कातडीवरचं काय वाचत बसता? डॉक्टरांनी ऐकून घेतलं. मोटार गेल्यावर म्हणाले, "माणूस लाजतो. कातडी लाजत नाही." कादरभाई हसले. मीही हसले होते.

त्या रीतीची गंमतही व्हायची. एक पाटील होते, शेजारच्या गावचे. त्यांच्या भावकीतल्या एकाचं पोट डॉक्टरांनी उघडलं होतं आणि तो बरा झाला होता. तेव्हापासून पाटलांचं पोट दुखायला लागलं. ते घोड्यावरून आले आणि म्हणाले, "डाक्टर, माहंही पोट कापाच. मी काई भेत नाही."

डॉक्टरांनी बंडी वर करायला सांगितली. पोट तुळतुळीत होतं.

"पाटील, घरात कोन कोन हाये?"

"समदे हायेत. आई हाये, बायको हाये, दोन सुना हायेत."

"आन् एवढ्या बायांत एकीलेही बिब्बा लावावा असं वाटलं नाही?"

पाटील बराच वेळ विचार करत बसले. मग म्हणाले, "तुमी तं माह्या घरातलं भांडन काढून राह्यले." पण पोट तेवढ्यावर थांबलं.

वरवट बकालच्या माळ्याची पोर गंगू हिची गोष्ट मात्र गमतीची नव्हती. चौदा-पंधरा वर्षांची, लग्न झालेलं, सासरी नांदायला अजून गेली नव्हती. तिच्या पोटात गोळा आला आणि वाढत गेला. सासरी बातमी पोचली आणि तिकडून निरोप आला की पोरगी आम्हाला नको. बाप तिला पहाटेच गाडीत घालून, वर कांद्याच्या पात्या रचून घेऊन आला होता. तो मला भिंतीच्या दारात गाठून म्हणाला, "बाई, डाक्टर मले सांगनार नाही. तुमी सांगजा. पोरगी वाया गेली का?"

आत गंगू टेबलावर निजली होती आणि तिनं डोळ्यांवर हात घेतला होता. डॉक्टरांनी फुल्या पाहिल्या. चार होत्या, चारही वर, बरगड्यांच्या मधल्या खळगीत. खाली एकही नव्हती.

"कोनं लावला?"

"आत्यानं."

"पहिला कवा?"

"मागच्या साली. तुरी सोंगत होतो तवा."

डॉक्टरांनी गोळ्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "हा वरून खाली उतरलाय. खालून वर चढलेला नाही." मग त्यांनी जे केलं ते मला कळलं नाही. त्यांनी तिचा पदर डोक्यावरून मागे सारला आणि केस पाहिले. डाव्या कानामागे केस विरळ होते, तुटके, एखाद्या वासरानं कुरतडल्यासारखे.

"गंगू, केस खातं काय वं?"

तिनं होय म्हणून मान हलवली.

"कवापासून?"

"माय मेली तवापासून."

शस्त्रक्रियेच्या दिवशी डॉक्टरांनी तिच्या सासऱ्याला निरोप धाडून बोलावून घेतलं. तो व्हरांड्यात पागोटं मांडीवर घेऊन बसला होता. जठरातून निघालेला गोळा काळा होता, जठराच्याच आकाराचा, दोरासारखा घट्ट वळलेला. डॉक्टरांनी तो चिनी मातीच्या ताटलीत ठेवला आणि अनवाणीच बाहेर येऊन सासऱ्यासमोर धरला.

"तुमच्या सुनेचं बाळंतपण झालं. पाहून घ्या, कोनावर गेलं ते."

सासरा उठून उभा राहिला. पागोटं डोक्यावर ठेवलं आणि बापाच्या शेजारी जाऊन बसला. बाप रडत होता. टाके सुकेपर्यंत गंगू दवाखान्यात होती. डॉक्टर मला म्हणाले, "हिच्या हाताला काहीतरी द्या. रिकामा राहिला की तो केसांकडं जातो." मी तिला लोकर आणि सुया दिल्या. ती पुढं नांदायला गेली आणि तिला मुलं झाली. असे लोक पुष्कळ होते, एवढ्यासाठी हे सांगितलं.

हलिमा कादरभाईंच्या धाकट्या मुलाची बायको. मुलगा शिवणकाम करायचा. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. तिचं माहेर डोंगराच्या पलीकडं, आमच्याकडची माणसं जिकडं सोयरीक करत नाहीत अशा बाजूला. ती माहेरी गेली होती, तिथं तिला ताप आला, पोट दुखू लागलं. आई तिला घेऊन निघाली, आणि घाट उतरून गाडी आमच्या गावी येईपर्यंत तीन मुक्काम झाले.

गाडी दवाखान्याशी आली तेव्हा कादरभाई बाटल्या धूत होते. त्यांनी हात पुसले, आत गेले आणि म्हणाले, "साहेब, माही सून हाये." आवाज नेहमीचा होता.

मला बोलावणं आलं. हलिमाला शुद्ध नव्हती. ती काहीतरी पुटपुटत होती, त्यातला शब्द लागत नव्हता. पोट पाटासारखं ताठ झालं होतं, उजवीकडं तसंच डावीकडं. डॉक्टरांनी दोन्ही बाजूंना हात ठेवून पाहिला, पुन्हा पाहिला. हाताला काहीच निराळं लागत नव्हतं. मग त्यांनी कापड आणखी खाली सारलं. फुली एकच होती. डावीकडं खाली, ताजी, कडेला अजून फोड होता.

"डावी ओव्हरी," डॉक्टर म्हणाले. "पीळ पडून फुटली असणार." आणि बाहेर बसलेल्या तिच्या आईला काही न विचारता ते हात धुवायला गेले. त्या दिवशी अडीचकी एकदाच म्हटली, न अडखळता.

क्लोरोफॉर्म कादरभाईंनीच दिला. दुसरं कुणी नव्हतं. सुनेचा चेहरा त्यांनी लग्नात पाहिला असेल-नसेल. त्यांनी टोपी तिच्या तोंडावर धरायला मला दिली आणि स्वतः मान वळवून थेंब सोडत राहिले. नाडीवर बोट मात्र त्यांनीच ठेवलं.

डॉक्टरांनी डावीकडं छेद घेतला. पू निघाला, पण पू सगळीकडेच होता. डावी ओव्हरी धड होती. त्यांनी ती बोटांत धरली आणि तसेच थांबले. मग हात आत पलीकडं नेला. चेहऱ्यावरून मला कळलं की हाताला काहीतरी लागलं. "अपेंडिक्स," ते म्हणाले. डावीकडच्या छेदातून तिथवर काम करता येईना. त्यांनी उजवीकडं दुसरा छेद घेतला. मध्ये बराच वेळ गेला. "हं?" त्यांनी विचारलं. कादरभाई बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा "हं?" विचारलं. कादरभाईंनी बोट नाडीवरून काढून घेतलं.

डॉक्टरांनी दोन्ही जखमा शिवल्या. थर थर घेऊन, गाठ गाठ ओढून, जिवंत माणसाच्या शिवाव्यात तशा. कुणी त्यांना थांबवलं नाही.

मी बाहेर हलिमाच्या आईजवळ जाऊन बसले. ती सकाळपासून तिथंच बुरख्यात बसली होती, भिंतीला टेकून. आत नेऊन दाखवल्यावर ती रडली, मग शांत झाली, मग मला म्हणाली, "बाई, चीरा दोनों तरफ काय को लगाये?"

मी म्हटलं, डॉक्टरांना आधी डावीकडं वाटलं.

"उधर काय को वाटना? दुखता तो सीधे हाथ के बाजू था."

"पण बिब्बा डावीकडं आहे ना, अम्मा?"

"हमारे में जिधर दुखता उधर नै लगाते. सामने के, दूसरे बाजू लगाते. दर्द को उधर खेंचना पडता ना."

डॉक्टर दारात उभे होते. अंगावर अजून तोच एप्रन होता. ते म्हणाले, "अम्मा, फिर से बोलो." तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिच्या आवाजात आरोप नव्हता. ती आपल्याकडची पद्धत परक्या माणसाला समजावून सांगत होती. "अच्छा," डॉक्टर म्हणाले आणि जोडे न घालता क्वार्टरकडं गेले.

फुली कुणी लावली, कधी लावली, आधी कुठली, हे ते हरेक रोग्याला विचारत. दुखतं तिथंच लावली का, हा प्रश्न त्यांनी कधी कुणाला विचारला नव्हता. आमच्याकडच्या गावांत तो विचारला असता तर लोक हसले असते.

पुढं कधीतरी मी त्यांना म्हटलं की इतका पू झाल्यावर ती एरवीही वाचली नसती. "नसती वाचली कदाचित," ते म्हणाले. "पण डावीकडं गेलेला मधला वेळ माझा."

लोकांनी त्यांना दोष दिला नाही. गावात कुणी म्हणालं की कादरभाईंनी साहेबाला बद्दुआ दिली म्हणून साहेब आता चाकू धरायला भितो. ते कादरभाईंच्या कानावर गेलं. ते भर बाजारात चहाच्या दुकानासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "कोन म्हनते बे? माह्या तोंडावर म्हन." ते रोज वेळेवर येत, औषधं बनवत, आठवड्यातून एकदा चाकू-चिमटे उकळून तेल लावून ठेवत. सांगितलेलं नसताना.

डॉक्टर गळवं फोडत, हाडं बसवत, दात काढत. त्यापुढचं काही आलं की म्हणत, "खामगावले न्या." आमच्या गावाहून खामगावला जायचं तर पूर्णा ओलांडावी लागते. उन्हाळ्यात ते जमायचं. ज्यांना जमलं त्यातले काही वाचलेही.

भादव्यात सोनाळ्याचा सखाराम नावाचा मजूर आला. अंतर्गळ अडकलेला. जांघेत उजवीकडं गाठ, दगडासारखी, आदल्या दिवसापासून. ओकाऱ्या चालू होत्या. बरोबर बायको. पूर्णेला पूर होता, डोंगे बंद होते. हे सगळ्यांना माहीत होतं. अडकलेला अंतर्गळ म्हणजे डॉक्टरांच्या हातची रोजची गोष्ट होती, हेही सगळ्यांना माहीत होतं.

डॉक्टरांनी खाटेची पायाकडची बाजू उंच करून घेतली, त्याला अफूचा अर्क दिला, गरम पाण्याचे शेक दिले आणि हातानं गाठ आत सारायचा प्रयत्न केला. दुपार झाली. गाठ गेली नाही. तेवढ्यात आतल्या खोलीत स्टोव्हचा आवाज सुरू झाला. कादरभाईंनी भांड्यात चाकू उकळायला टाकले होते.

सखारामची बायको डॉक्टरांना म्हणाली, "आमाले खामगाव माईत नाही, डाक्टर. आमाले तुमी माईत."

डॉक्टर नळापाशी गेले. मी त्या बाईजवळ व्हरांड्यात बसले होते, तिथून दोन हात अंतरावर नळ. त्यांनी जोडे काढले. साबण घेतला आणि अडीचकी सुरू केली. पाढा संपला. त्यांनी पुन्हा सुरू केला. तोही संपला. हात लाल झाले होते. कादरभाई टॉवेल घेऊन उभे होते.

"साहेब, पाढा बरोबर आला. चला."

"कादरभाई, कुठल्या बाजूला आहे?"

"उजव्या. डोयानं दिसून राह्यलं ना, साहेब."

"दिसतंय. तेव्हाही मला दिसत होतं."

कादरभाईंनी टॉवेल पुढं केला. मग हळूच म्हणाले, "साहेब, माह्या घरची गेली. मी म्हनतो उचला चाकू. मंग तुमी कोन नाही म्हननारे?"

डॉक्टरांनी हात समोर धरले. त्यांच्यावरून पाणी निथळत होतं. ते थरथरत नव्हते. मी पाहिलं म्हणून सांगते, ते अगदी स्थिर होते. "तुम्ही म्हणता ते मला कळतं," हातांकडं पाहत ते म्हणाले. "यांना कळत नाही."

त्यांनी टॉवेल घेतला, हात पुसले आणि गाडी जोडायला सांगितली.

कादरभाई गाडीबरोबर गेले. नदी उतरली नाही. सखाराम काठावर वारला. दुसऱ्या दिवशी कादरभाई भिजलेल्या कपड्यांनी परत आले, थेट दवाखान्यात शिरले आणि बाटल्या लावू लागले. डॉक्टर रोगी तपासत होते. कादरभाई म्हणाले, "गेला." डॉक्टर म्हणाले, "हो." त्यानंतर पुढचा रोगी आला.

त्या आठवड्यात डॉक्टरांनी बुलढाण्याला लिहिलं की माझी इथून बदली करा आणि माझ्या जागी शस्त्रक्रिया करणारा माणूस द्या. मला ते आपण होऊन म्हणाले, "मी इथं असेतो दुसरा येणार नाही. जागा अडली आहे." बदली व्हायला बराच काळ गेला. त्यांना पश्चिमेकडं एका लहान दवाखान्यात नेमलं. त्यांच्या जागी जे डॉक्टर आले ते सज्जन होते. शस्त्रक्रिया ते करत नसत.

डॉक्टरांना मी शेवटचं पाहिलं ते खामगावला. शाळेच्या कामासाठी गेले होते आणि पत्ता विचारत त्यांच्या घरी गेले. नोकरीतून मोकळे होऊन ते पुतण्याकडं राहत होते. पत्नी पूर्वीच वारली होती, मूल नव्हतं. ओट्यावर सतरंजी टाकून बसले होते. अंग उतरलं होतं, बोटं तेवढी तशीच जाड. माझ्यासमोरच शेजारची एक बाई पोटदुखीचं पोर घेऊन आली. डॉक्टरांनी पोराला विचारलं, कुठं दुखतं. त्यानं दाखवलं. डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या हातानं दाखव. मग आईला विचारलं. मग पुन्हा पोराला. पोर कंटाळलं आणि आई हसू लागली. "आबा, एकदा सांगतलं ना त्यानं," ती म्हणाली. डॉक्टरांनी ओव्याचं काहीतरी सांगितलं आणि नाही थांबलं तर मोठ्या दवाखान्यात ने म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी शाळेची चौकशी केली, भिंतीतलं दार अजून आहे का ते विचारलं. मग कादरभाईंविषयी विचारलं.

"बरे आहेत," मी म्हटलं. "पण दिसत नाही आता."

"मोतीबिंदू?"

"हो. दोन्ही डोळ्यांत."

"पिकलाय?"

"बुबुळ पांढरं दिसतं."

"मग झालंच," डॉक्टर म्हणाले. "सोपा असतो. पिकल्यावर फार सोपा." ते थोडे पुढं सरकले होते. "इथं आणा म्हणावं. इथले डॉक्टर चांगले करतात."

"मी म्हटलं त्यांना. ते म्हणतात, साहेब करतीन तं करतो."

डॉक्टरांनी आत हाक मारून चहा सांगितला. चहा आला, आम्ही प्यालो. माझ्या परतीच्या मोटारीची वेळ झाली तेव्हा ते ओट्याच्या पायरीपर्यंत आले आणि म्हणाले, "त्यांना सांगा, मी विचारलं." मी कोपऱ्यावरून वळून पाहिलं तेव्हा ते अजून उभे होते, अनवाणी, हात पाठीमागे.

मी निरोप सांगितला. कादरभाई म्हणाले, "हाव." पौषात डॉक्टर गेल्याचंही मीच जाऊन सांगितलं.

आमच्या दवाखान्यात आता तिसरे डॉक्टर आहेत. शस्त्रक्रियेच्या खोलीत औषधांची खोकी ठेवतात. पोट उघडण्यासारखं काही असलं की गाडी पूर्णेकडं जाते. कादरभाईंनी डोळे करून घेतले नाहीत.